हुकमाला कायदा, मदतीला मात्र जीआर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ च्या पुरावर तुमच्या पेपरात भरपूर छापून आलं, फोटो आले, पॅकेजचे आकडे आले, कोण बांधावर आलं कोण नाही आलं तेही आलं. पण मला ज्या गोष्टीवर लिहायचंय, म्हणजे पूरग्रस्ताच्या मदतीचा हक्क कायद्यात का नाही, ती कुठंच वाचायला मिळाली नाही म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण कायद्याच्या कलमांचे नंबर तेवढे राहू द्या. मुलीच्या मोबाईलवर रात्री बसून एकेक कलम वाचून काढलंय.

मी माढा तालुक्यातली, सीना नदीकाठची. ऊस, थोडी केळी आणि खरिपाला उडीद-मका अशी शेती आहे. पाच वर्षं पंचायत समितीची सदस्य होते, मार्च २०२२ ला मुदत संपली आणि मग प्रशासक आला, त्याचा विषय पुढे येईलच.

२२ सप्टेंबर २०२५ ला घट बसले आणि त्याच आठवड्यात सीना घरात आली. आमच्याकडे तेवढा पाऊसही नव्हता हो, पाणी वरून आलं, नगर जिल्ह्यातून, करमाळ्याच्या वरून, परंड्याच्या बाजूने, धरणं भरलेली होती त्यांचं सोडलेलं पाणी आणि ओढ्या-नाल्यांचं पाणी सगळं एकदमच. रात्री साडेअकराला पोलिस पाटलांना फोन आला की पाणी वाढतंय, खालची वस्ती हलवा. तासाभरात साहेब लोक पण आले आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं, जागा सोडा, नाही सोडली तर गुन्हा दाखल करू. माझ्या सासूबाई उठायला तयार नव्हत्या, घट बसलाय, अखंड दिवा लावलाय, तो सोडून कशी जाऊ म्हणत होत्या. शेवटी दिवा हातात धरूनच त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं. शेजारच्या आण्णांचा ट्रॅक्टर होता, त्या रात्री त्यांनी किती खेपा केल्या त्याचा हिशोब नाही, कुणीतरी साहेबांनी तोंडी सांगितलं ट्रॅक्टर लावा, त्यांनी लावला. पहाटे आमच्या अंगणात छातीएवढं पाणी होतं. म्हणजे त्या साहेबांनी दम दिला तो बरोबरच होता, दिला नसता तर आज सासूबाई नसत्या. हे आधीच सांगते कारण माझं म्हणणं अधिकाऱ्यांना अधिकार देऊ नका असं अजिबात नाही. पुरात कुणीतरी हुकूम द्यावाच लागतो आणि तो ऐकावाच लागतो, तिथं ग्रामसभा घेत बसता येत नाही.

माझा प्रश्न पाणी ओसरल्यानंतरचा आहे.

त्या रात्रीचा दम कुठल्या कायद्यात बसतो म्हणून शोधत गेले तर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सापडला. केंद्राचा आहे, आपल्या राज्यातपण तोच चालतो. कलम ३४ मध्ये जिल्हा आपत्ती प्राधिकरणाला, ज्याचे अध्यक्ष कलेक्टर असतात, काय काय करता येतं त्याची मोठी यादी आहे, रस्ते बंद करणं, कुणाला कुठं जाऊ न देणं, लोकांना हलवणं, ढिगारे उपसणं वगैरे. कलम ५१ मध्ये हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, त्यामुळे कुणाचा जीव गेला तर दोन वर्षं. २०२५ मध्ये केंद्राने याच कायद्यात दुरुस्ती केली, त्यात सरकार कुठल्याही व्यक्तीला आपत्ती टाळण्यासाठी अमुक कर, अमुक करू नको असं सांगू शकतं आणि नाही ऐकलं तर दहा हजारापर्यंत दंड, असं नवीन कलम घातलं. म्हणजे हुकमाची बाजू अगदी भक्कम बांधलेली आहे, कलमाला कलम जोडून.

आता ट्रॅक्टरचं बघा. कलम ६५ मध्ये लिहिलंय की बचावकार्यासाठी कुणाची गाडी, इमारत, सामान ताब्यात घ्यायचं असेल तर लेखी आदेशाने घ्यायचं. आणि कलम ६६ म्हणतं की त्याचं भाडं, भरपाई द्यायची, रक्कम पटली नाही तर गाडीमालकाने ठरलेल्या मुदतीत अर्ज करायचा आणि मग लवाद नेमायचा. वाचून मी चाटच पडले. आण्णांना हे कुणी सांगितलं? लेखी आदेशच नाही तर भरपाई कुठली आणि लवाद कुठला. डिझेल त्यांच्या पदरचं गेलं. तशी त्यांची तक्रारही नाही, ते म्हणतात माणसं वाचली बास झालं. पण माझ्या डोक्यात वेगळंच आलं. बघा ना, ज्याची गाडी सरकारने चार दिवस वापरली त्याला कायद्याने भाडं मागायचा हक्क आहे, लवादाकडे जायचा हक्क आहे. आणि ज्याचं अख्खं रान मातीसकट वाहून गेलं त्याला किती मिळणार, कधी मिळणार, कुणाकडे दाद मागायची, याचं एक कलम दाखवा. नाहीये. त्याच्यासाठी जीआर आहे.

जीआर म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना कदाचित नीट माहीत नसेल म्हणून सांगते. शासन निर्णय. मंत्रालयातून निघतो, विधानसभेत त्यावर मतदान होत नाही, सरकारला वाटलं की बदलतो. पिकाच्या मदतीचंच उदाहरण घ्या. केंद्राच्या निकषात कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये होते, दोन हेक्टरपर्यंत. राज्याने मध्यंतरी ते वाढवून १३,६०० केले होते, तीन हेक्टरपर्यंत, जानेवारी २०२४ च्या जीआरने. मग ३० मे २०२५ ला, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, दुसरा जीआर निघाला आणि परत ८,५०० आणि दोन हेक्टर झालं. मधे दोन निवडणुका होऊन गेल्या एवढंच मी सांगते, कारण काय ते ज्यांनी काढला त्यांनी सांगावं. त्यानंतर सप्टेंबरमध्ये पूर आला, ओरड झाली, आणि ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, मर्यादा पुन्हा तीन हेक्टर, शिवाय रब्बीसाठी हेक्टरी दहा हजार वेगळे. चांगलं केलं, नाही म्हणत नाही, आम्हालाही त्यातून मिळालं. पण दोन वर्षांत माणसाची जमीन तीच, नदी तीच, पीक तेच, आणि त्याच्या नुकसानीची किंमत तीन वेळा बदलते, हे कसं काय? पूर ऑगस्टमध्येच येऊन गेला असता आणि टीव्हीवर फारसा दिसला नसता तर आम्हाला किती मिळालं असतं? ८,५००. एकरी साडेतीन हजार पण होत नाहीत. उडदाची बॅग, खत, एक फवारणी, एवढ्यातच तेवढे जातात.

जीआरची दुसरी गोष्ट म्हणजे त्यातल्या अटी. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात घर दोन दिवस पाण्यात असेल तरच मोफत धान्य, असं जीआरमध्ये आलं होतं, आठवत असेल तुम्हाला, केवढा संताप झाला होता लोकांचा. आमच्याकडे पहिल्यांदा काय विचारलं माहितीये, तुमच्या महसूल मंडळात ६५ मिलीमीटर पाऊस झालाय का? अहो नदी वरून आलीये. पर्जन्यमापकात पाऊस नाही पण घरात गाळ आहे त्याचं काय करू? नंतर पूर म्हणून पंचनामे झाले, झाले नाहीत असं नाही, पण ते चार-पाच दिवस गावातल्या लोकांनी जे हेलपाटे घातले ते कुठल्या रकान्यात लिहायचे. आमच्या दोन म्हशी वाहून गेल्या. दुभत्या जनावराला ३७,५०० रुपये होते. मेलेलं जनावर दाखवा म्हणाले. वाहून गेलेलं जनावर दाखवायचं कसं? कानातल्या बिल्ल्याचा नंबर होता म्हणून निभावलं, शेजारणीच्या शेळ्यांना बिल्ले नव्हते, तिचं राहिलं. तलाठ्यांना (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) मी दोष देत नाही, एकेकाकडे तीन-तीन गावं, घरात स्वतःच्याही पाणी शिरलेलं, आणि वरून दर तासाला आकडे मागणारे फोन. त्यांच्या हातातही कायदा नाही, व्हॉट्सअपवर आलेली पीडीएफ आहे. आमच्या पंचनाम्याची कॉपी मागितली तर मिळाली नाही, द्यायची पद्धत नाही म्हणाले. माझ्याच नुकसानीचा कागद आणि तो मलाच मिळत नाही!

उत्पन्नाचा दाखला किती दिवसात द्यायचा याला आपल्या राज्यात २०१५ चा सेवा हक्क कायदा आहे, उशीर झाला तर अपील करता येतं. आणि बुडालेल्या माणसाच्या मदतीला?

एका शब्दाने कसा फरक पडतो ते बघा. याच आपत्ती कायद्याच्या कलम १२ मध्ये लिहिलंय की राष्ट्रीय प्राधिकरण मदतीचे किमान निकष ठरवेल, आणि तिथे इंग्रजीत "शॅल" हा शब्द आहे, म्हणजे करायलाच पाहिजे. कोविडमध्ये गेलेल्यांच्या नातेवाईकांना काही द्यायचं का नाही हा वाद सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा ३० जून २०२१ ला कोर्टाने सांगितलं की हा शब्द बंधनकारक आहे, तुम्हाला सानुग्रह मदतीचे निकष ठरवावेच लागतील. मग पन्नास हजार ठरले. माझ्या मावसबहिणीचा नवरा दुसऱ्या लाटेत गेला, तिला ते पन्नास हजार मिळाले, त्यात तिने शिलाई मशीन आणि मुलाची फी केली. ते पैसे कुणाच्या मेहेरबानीने नाही मिळाले, कायद्यात एक शब्द होता म्हणून मिळाले. मी हे तिला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मला तर वाटलं आमदारांनी दिले.

आणि लगेच त्याच्या शेजारचं कलम १३. त्यात होतं की मोठी आपत्ती असेल तर कर्जफेडीत सवलत किंवा नवीन सवलतीचं कर्ज याची शिफारस राष्ट्रीय प्राधिकरण करू शकेल. केरळात वायनाडला ३० जुलै २०२४ ला दरड कोसळून गावंच्या गावं गेली, तिथल्या लोकांच्या कर्जाचा प्रश्न केरळ हायकोर्टात चालू होता. तर कोर्टात सांगण्यात आलं की ते कलमच आता राहिलेलं नाही, २०२५ च्या दुरुस्तीत काढून टाकलंय. मी दोनदा वाचलं. ज्या दुरुस्तीत दहा हजार दंडाचं कलम आत आलं त्याच दुरुस्तीत कर्जसवलतीचं कलम बाहेर गेलं. आणि आपल्याकडे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पूर. आमच्या गावातल्या एका मुलाच्या खात्यावर मदत जमा झाली आणि बँकेने होल्ड लावला, जुनी थकबाकी आहे म्हणून. मदतीतून कर्ज कापू नका असं सरकार सांगतं, तेही असंच पत्र काढून सांगतं, बँक मॅनेजर म्हणाला आम्हाला वरून काही आलेलं नाही. तो पोरगा चार वेळा गेला. पाचव्यांदा मी सोबत गेले तेव्हा सुटला होल्ड. माझ्यासारखी जुनी सदस्य सोबत नसेल तर त्याने काय करायचं?

शिक्षेच्या बाबतीतपण तसंच आहे. मदतीसाठी खोटा दावा केला तर कलम ५२, दोन वर्षांपर्यंत कैद. ठीक आहे, खोटे दावे होतात, मी पण बघितलेत. पण अधिकाऱ्याने आपलं काम केलंच नाही तर कलम ५६, एक वर्ष, आणि त्यासाठी आधी सरकारची मंजुरी लागते. शेतकरी खोटं बोलला तर दोन वर्षं आणि अधिकारी आलाच नाही तर एक, तेही मंजुरी मिळाली तर. कलम ७३ मध्ये चांगल्या हेतूने केलेल्या कामाला संरक्षण आहेच. त्या रात्री आमच्याकडे आलेल्या साहेबांना ते संरक्षण मिळायलाच पाहिजे, मी स्वतः साक्ष देईन. पण एकाच्या चांगल्या हेतूचं संरक्षण दुसऱ्याच्या हलगर्जीला मिळता कामा नये.

हे आजचं नाही. १८९७ चा साथरोग कायदा आपल्याच प्लेगमधून जन्मला, मुंबईत १८९६ ला साथ आली, फेब्रुवारी १८९७ मध्ये कायदा झाला, अवघ्या चार कलमांचा. सरकार काय वाटेल ते नियम करेल, मोडला तर शिक्षा, आणि अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. आजाऱ्याला काय मिळेल, त्याचं घर जाळलं, सामान टाकून दिलं तर काय, यावर त्यात काही नाही. पुण्यात रँडच्या काळात काय झालं ते आपण सगळे शाळेत शिकलोय. तोच कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात परत लावला, सोबत हा २००५ चा. आणि मार्च २०२२ संपेपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, कोण कुठं जाणार, बाजार कधी भरणार, लग्नाला किती माणसं, सगळं आदेशांवर चाललं. साथ होती, आदेश लागणारच होते. पण त्याच काळात आपली विधानसभेची अधिवेशनं आठवा, सप्टेंबर २०२० ला दोन दिवस, डिसेंबर २०२० ला दोन दिवस, जुलै २०२१ ला दोन दिवस. ज्यांनी विचारायचं ते दोन दिवस बसले आणि ज्यांनी आदेश काढायचे ते रोज काढत होते. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या भागातलं कलिंगड शेतात सडलं, एका नाक्यावर गाडी सोडत होते, पुढच्या नाक्यावर अडवत होते, दोघांकडे वेगवेगळा आदेश. याचा जाब कुठं विचारायचा होता?

केरळमध्ये त्याच वेळी एक झालं ते मला आवडलं. सरकारने कर्मचाऱ्यांचा थोडा पगार पुढे ढकलायचा आदेश काढला, हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली, कारण त्याला कायद्याचा आधार दिसत नव्हता. मग सरकारला अध्यादेश आणावा लागला, किती टक्के, कसं, सगळं त्यात लिहावं लागलं. पगार कापावा का नाही तो वेगळा वाद, पण कागदावर तरी आलं. आपत्तीत सुद्धा सरकारला आधी कायदा दाखवावा लागला.

आता माझा स्वतःचा मुद्दा, जो मी वर राखून ठेवला होता. या २००५ च्या कायद्यात कलम २५ आहे, जिल्हा आपत्ती प्राधिकरण. अध्यक्ष कलेक्टर, आणि सहअध्यक्ष कोण? जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. निवडून आलेला माणूस कलेक्टरच्या बरोबरीने बसेल म्हणून संसदेने मुद्दाम घातलंय ते. आणि आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली, निवडणूक झाली नाही, प्रशासक बसले. सोलापूर काय, धाराशिव काय, बीड काय, सगळीकडे तेच. म्हणजे सप्टेंबर २०२५ च्या पुरात सहअध्यक्षाची खुर्ची रिकामी होती. ना झेडपी सदस्य, ना पंचायत समिती सदस्य. पूर आला त्या आठवड्यात मला दिवसाला पन्नास-साठ फोन येत होते, ताई बघा ना, ताई सांगा ना, आणि मी कुणीच नव्हते, साधा मीटिंगला बसायचा अधिकार नव्हता. आमच्याकडचे सगळे निर्णय बाहेरून आलेल्या आणि दोन-तीन वर्षात बदलून जाणाऱ्या माणसांनी घेतले. त्यातले बरेच मनापासून राबले, पण सीनेचं पाणी कुठल्या ओढ्याने आधी गावात घुसतं हे त्यांना कोण सांगणार होतं?

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की महाराष्ट्राने स्वतःचा आपत्ती कायदा करावा. हे काही अशक्य नाही. भुजच्या भूकंपानंतर गुजरातने २००३ साली स्वतःचा कायदा केला, केंद्राच्या दोन वर्षं आधी. आपल्याकडे त्याच्याही दहा वर्षं आधी, ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झालं होतं, हजारो माणसं झोपेत गेली, आपण पुनर्वसनाचं काम मोठं केलं पण राज्याचा कायदा काही केला नाही. आपत्ती हा विषय राज्यघटनेच्या कुठल्याच यादीत नावाने नाही, केंद्राने २००५ चा कायदा समवर्ती यादीतल्या सामाजिक सुरक्षेच्या आधाराने केलाय, म्हणजे त्यावर राज्यालापण कायदा करता येतो, केंद्राच्या कायद्याशी कुठे टक्कर होत असेल तर राष्ट्रपतींची संमती घ्यायची.

काही लोक म्हणतील मदतीचा हक्क कायद्यात लिहिला तर तिजोरी रिकामी होईल. तर मग त्यांनी १९७२ आठवावा. माझ्या सासूबाई त्या दुष्काळात खडी फोडायला जात होत्या, नवीन लग्न झालेलं, कामावर सुकडी मिळायची त्यावर दिवस काढलेत. आमचा सोलापूर जिल्हा तेव्हा होरपळून निघाला होता. पण त्याच दुष्काळातून वि. स. पागेंची रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ ला महाराष्ट्राने तिचा कायदा केला, देशात पहिला. मागेल त्याला काम, नाही दिलं तर बेकारभत्ता. काम ही मेहेरबानी राहिली नाही, हक्क झाला. पैसा कुठून आणला? व्यवसाय कर लावला, शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला, आजही कापतात, आणि त्यांनी दिला. २००५ ला अख्ख्या देशाने ती कल्पना उचलली. दुष्काळातून आपण हक्क काढला, मग पुरातून का काढू नये? साधा "ओला दुष्काळ" शब्द सरकारच्या नियमात बसत नाही म्हणे, मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं की तशी संज्ञा मॅन्युअलमध्ये नाही, सवलती मात्र दुष्काळासारख्याच देऊ. दिल्या, पण परत तेच, जीआरने दिल्या. पुढच्या वेळचे मुख्यमंत्री नाही म्हणाले तर?

कायद्यात काय पाहिजे हे तज्ज्ञ सांगतीलच पण आमच्यासारख्यांना ज्याच्यावाचून अडतं ते सांगते. पाणी ओसरल्यावर किती दिवसात पंचनामा आणि त्यानंतर किती दिवसात पैसे हे लिहा, उशीर झाला तर व्याज. पंचनाम्याची सही-शिक्क्याची कॉपी जागेवर. दर कायद्याच्या परिशिष्टात घाला आणि दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवा, कमी करायचे तर विधानसभेत येऊन कारण सांगून कमी करा. मदतीच्या पैशाला कुठल्याही बँकेने हात लावायचा नाही हे कलमातच असू द्या. अधिकाऱ्यांचे आणीबाणीचे आदेश लेखी, मराठीत, आणि त्यावर शेवटची तारीख, ती वाढवायची तर सभागृहापुढे जा. रात्री तोंडी आदेश द्यावाच लागतो हे मला कळतं, तर दोन दिवसात तो कागदावर आणा, म्हणजे आण्णांसारख्यांचं भाडं बुडणार नाही. आणि झेडपीची निवडणूक झालेली नसेल तर सहअध्यक्षाची जागा रिकामी ठेवू नका, सरपंचांमधून कुणीतरी घ्या.

पण सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच, ते म्हणजे सातबारा. मदत सातबाऱ्यावर जाते. आमच्या गावात किती रान वाट्याने केलं जातं विचारा. मालक पुण्यात असतो, बी-बियाणं, औषध, राबणं सगळं वाटेकऱ्याचं, पीक वाहून गेलं वाटेकऱ्याचं आणि मदत जमा झाली मालकाच्या खात्यावर. चांगला मालक असेल तर देतो अर्धी. नाही दिली तर वाटेकरी कुठं जाणार, त्याच्याकडे चिठ्ठी सुद्धा नसते. आणि बायका. नवरा गेलाय, जमीन अजून सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर, वारस नोंद झालेली नाही, फार्मर आयडी निघत नाही, केवायसी होत नाही. अशा आमच्या एका वस्तीवर चार जणी आहेत, चौघींची पिकं गेली, चौघींच्या नावावर रुपया आला नाही. आणि ज्यांना जमीनच नाही, उसाच्या टोळीला जाणारे, खुरपणीला जाणाऱ्या बायका, त्यांची दोन महिन्यांची मजुरी बुडाली तिचा कुठे पंचनामा आहे? पीक गेलं तर पंचनामा, गोठा पडला तर पंचनामा, विहीर बुजली तर पंचनामा, हाताचं काम गेलं त्याला रकाना नाही. म्हणून म्हणते की कायद्यात मालक हा शब्द नको, कसणारा आणि राबणारा हा शब्द पाहिजे.

आमच्या भागातल्या आमदारांना मी हे सगळं लिहून दिलंय. विरोधातल्यांनाही आणि सत्तेतल्यांनाही, कारण पूर सगळ्यांच्या मतदारसंघातून गेलाय. सभागृहात खाजगी विधेयक मांडता येतं, ते कुणी मांडणार असेल तर मसुद्याला मदत करायला आमच्या तालुक्यातले दोन तरुण वकील तयार आहेत. तुमच्या पेपरने एवढं करावं, प्रत्येक पक्षाला जाहीरपणे विचारावं की राज्याच्या स्वतंत्र आपत्ती कायद्याला तुमचा पाठिंबा आहे का नाही, आणि उत्तरं नावासकट छापावीत. पावसाळ्याच्या आत छापलीत तर जास्त बरं. आमच्या विहिरीतला गाळ अजून निम्माच निघालाय.

आपली नम्र,
एक शेतकरी व माजी पंचायत समिती सदस्य
ता. माढा, जि. सोलापूर